शब्दचर्चा : ‘कुटुंब’ कोणाला म्हणायचं आणि नांदतं कोण?

बायकांविषयीची अलीकडची कुठलीही कादंबरी किंवा वैचारिक पुस्तक उलटं करून बघा. मलपृष्ठावर एक ओळ ठरलेली असते : ‘स्त्री, कुटुंब आणि समाज यांतील गुंतागुंतीचा वेध’. गुंतागुंत आणि वेध हे प्रकाशकांचे लाडके शब्द, ते त्यांनाच लखलाभ. मला पहिल्या तीन शब्दांबद्दल बोलायचंय, कारण परभणी-बीड-लातूरकडं हे तिन्ही शब्द त्या अर्थानं कुणी वापरत नाही.

‘कुटुंब’ घ्या. आमच्याकडच्या जुन्या माणसाला ‘कुटुंब कसं आहे?’ असं विचारलं तर तो बायकोची तब्येत सांगणार. ‘कुटुंबाला घेऊन दवाखान्यात आलतो’ म्हणजे बायकोला घेऊन. ‘कबिला’चंही तेच. मूळ अरबी शब्दाचा अर्थ टोळी, वंश. मराठीत येऊन त्याची झाली बायकापोरं, आणि पुष्कळदा नुसती बायको. ‘आमची मंडळी’ हा तिसरा. तिन्ही शब्द माणसांच्या घोळक्याचे, आणि तिन्ही आकसून एका बाईवर येऊन थांबलेले. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, या रिवाजातून हे झालं असणार. बाईच्या बाजूनं बघितलं तर ‘मालक’, ‘आमच्या घरचे’, ‘पोराचे बाप’. आता तरुण पोरं ‘मिसेस’ म्हणतात आणि बसमध्ये कंडक्टर ‘ओ, लेडीजला बसू द्या’ म्हणतो; एक असो की दहा, लेडीजच.

सरकारी मराठीत मात्र कुटुंब जिवंत आहे, आणि तिथं गंमत होते. ‘कुटुंब नियोजन’ म्हणजे गावात ‘ऑपरेशन’, आणि ते जवळजवळ नेहमी बाईचंच होतं. जुन्या अर्थानं वाचलं तर शब्द अगदी तंतोतंत बसतो. दुसरं, २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर अठरा वर्षांवरच्या सगळ्यांत मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख केलं. कागदावर कुटुंबच कुटुंबप्रमुख झालं. तोपर्यंत त्या खान्यात सासऱ्याचं नाही तर नवऱ्याचं नाव असायचं.

‘समाज’ तर पुस्तकातून बाहेर काढला की ओळखूच येत नाही. ‘कोणत्या समाजाचे?’ हा प्रश्न जातीचा असतो. समाजाचं मंगल कार्यालय, समाजाचा वधू-वर मेळावा, समाजाची बैठक. कादंबरीत ‘समाजाचा दबाव’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला कुठलं तरी निराकार धुकं दिसतं. गावातल्या बाईवरचा दबाव निराकार नसतो. चुलत सासरा, नणंदेचा नवरा, भावकीतले दोन म्होरके, सोयरीक जमवणारा मध्यस्थ, ही सगळी नावानिशी माहीत असलेली माणसं. म्हणून ती ‘समाज काय म्हणेल’ असं म्हणत नाही, ‘भावकी हसंल’ म्हणते. लेखकानं भावकी लिहिली तर वाचकाला माणसं दिसतात, समाज लिहिलं तर कुणीच सापडत नाही.

माझा खरा प्रश्न पुढं आहे. या पुस्तकांवरच्या परीक्षणांत ‘सहजीवन’, ‘विवाहसंस्था’, ‘कुटुंबसंस्था’ हे शब्द धोधो येतात. आमच्या बायका या सगळ्यासाठी एकच क्रियापद वापरतात : नांदणं. ‘पोरगी नांदती का?’, ‘नांदायला गेली’, ‘नांदवीना म्हणून माघारी आली’. मला वाटतं ‘सहजीवन’पेक्षा हे क्रियापद खरं बोलतं. सहजीवनात दोघं एकाच पातळीवर उभी दिसतात. ‘नांदवणं’ म्हटलं की कोण करवून घेतंय आणि कोणाकडून, ते व्याकरणातच उघडं पडतं. तर नांदणं हा शब्द समीक्षेच्या मराठीत यावा का? आणि तुमच्या तालुक्यात तो कसा वापरतात?

परळीकर : ताई, नांदण्याच्या आधी एक शब्द घ्या. आमच्याकडं कुटुंबाचं माप म्हणजे कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटं माणूस असलं तर अर्धा कोयता. ‘बारा कोयत्यांची टोळी’ ऐकून शहरातला माणूस बारा माणसं धरील, असतात चोवीस, लेकरं वेगळीच. उचल मोजून घेतो नवरा, फेडतात दोघं. हिशेबाच्या वहीत बाईचं वेगळं नाव नसतं, ती कोयत्यात आलेली.

खाडा म्हणजे दिवस बुडणं. त्याचा दंड उचलीतून वळता होतो, आणि तोही जोडीचा, कारण अर्धा कोयता एकटा काय तोडणार? मग दर महिन्याला चार दिवस दुखणं आलं तर काय करायचं? ‘पिशवी काढली’ हे वाक्य आमच्या तालुक्यात दाढ काढल्यासारखं बोलतात. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. यावर लिहिताना ‘हिस्टरेक्टॉमी’ किंवा ‘गर्भाशय शस्त्रक्रिया’ लिहितात. लिहा, पण पिशवी हा शब्दही ठेवा. पिशवी म्हटलं की ती काढून बाजूला ठेवण्याजोगी, रिकामी वस्तू वाटते. डॉक्टरनंही तोच शब्द वापरला की बाईला भीती कमी वाटते. हे काम शब्दानं केलंय.

आणि नवरा मेला किंवा सोडून गेला की बाई अर्धा कोयता. अर्ध्याला उचल द्यायला मुकादम का-कू करतो. मग भाऊ नाही तर बाप जोडीला घ्यायचा. कोयता पुरा व्हावा म्हणून पोरींची लग्नं लवकर उरकतात ते वेगळंच.

जाता जाता : उचल आणि उचल्या यांची गल्लत करू नये. उचल्या हा भुरटा चोर. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांच्या आत्मकथनाचं नाव तेच, त्याला १९८८चा साहित्य अकादमी मिळाला. उचल घेणारा चोर नसतो, पण उचल घेऊन कामावर न गेलेल्याला मुकादम चोरासारखंच धरून आणतो.

ग्रंथालयवाला, परभणी : कोयत्याचं वाचून सुन्न झालो. मुद्द्यावर येतो. मराठवाड्यात जन्मलेल्या लेखिकेनं बोलीतला शब्द थेट कादंबरीच्या कपाळावर लावल्याचं उदाहरण आपल्यासमोर आहे. कविता महाजन नांदेडच्या. त्यांची ‘ब्र’ २००५ची, ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायकांभोवती फिरणारी. ‘ब्र’ हा शब्द मराठीत एकटा कधी येतच नाही. ‘ब्र काढला नाही’, ‘ब्र काढायची सोय नाही’, नेहमी नकार शेपटीला बांधलेला. त्यांनी नकार कापून नुसतं अक्षर ठेवलं. संस्थांच्या कागदांत याला ‘महिला सक्षमीकरण’ म्हणतात. दोन्ही शब्द शेजारी ठेवून बघा, मी आणखी काही बोलत नाही.

नांदण्याबद्दल : शहरी कादंबरीत ‘नातिचरामि’ येतं, मेघना पेठेंनी ते नावच दिलं. हा लग्नविधीतला वराच्या तोंडचा शब्द, मी मर्यादा ओलांडणार नाही असं वचन. म्हणजे पुरुष कर्ता असलेला शब्द संस्कृतात आणि बाई कर्ता असलेला मराठीत. एकाचं वचन एका दिवसाचं, दुसरीचं काम जन्मभराचं. वाचनालयात दोन्हीचे वाचक वेगळे असतात, हेही सांगतो.

लातूरहून, वकील : मी बाई आहे आणि रोज कौटुंबिक दावे बघते, म्हणून थोडं कडक लिहिते. नांदणं हा शब्द तुम्हाला मातीचा, रसरशीत वाटतो. माझ्या टेबलावर तो जखमेसारखा येतो. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ९. पुस्तकात त्याला ‘वैवाहिक हक्कांचे पुनर्स्थापन’ म्हणतात, कोर्टाच्या आवारात ‘नांदायची केस’. कलम नवरा-बायको दोघांनाही सारखं आहे. पण नवऱ्याची नोटीस म्हणते, ‘नांदावयास यावे’. बायको तोच दावा करते तेव्हा लिहावं लागतं, ‘मला नांदवून घ्यावे’. कायद्यानं समान केलेलं मराठी क्रियापद पुन्हा वरखाली करतं. तुम्ही म्हणता व्याकरण उघडं पाडतं. मी म्हणते व्याकरण पढवतं. मार खाऊन माघारी आलेल्या पोरीला तिची सख्खी आई सांगते, ‘नांद बाई’. या दोन शब्दांनी किती पोरी परत पाठवल्यात ते आम्हाला विचारा.

तुमच्या यादीत ‘हक्कसोड’ घाला. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हिस्सा महाराष्ट्रानं १९९४मध्ये दिला, देशात तो २००५च्या दुरुस्तीनं आला. हक्क आला तसा हक्कसोडपत्रांचा रिवाजही बळावला. बाप गेला, दिवस झाले की भाऊ बहिणींना तालुक्याला नेतो, सह्या होतात, साडी नेसवतो. कुणी जबरदस्ती केली असं बहीण कधीच म्हणत नाही. ‘सोडलं’ म्हणते, तेही अभिमानानं, ‘भावाचं मोकळं करून दिलं’. जिनं सोडलं नाही तिला ‘हिस्सेवाली’ म्हणतात आणि तिचं माहेर बंद. पूर्वी लेकीला चोळीबांगडीसाठी म्हणून थोडी जमीन द्यायची पद्धत होती. म्हणजे द्यायची तरी कपड्या-बांगड्यांच्या नावानं. यावर अजून जाड कादंबरी यायला हवी, नवराबायकोवर पुष्कळ झाल्या. भाऊ-बहीण हे मराठी लेखकांना फार पवित्र नातं वाटतं.

जालन्याचे निवृत्त मास्तर : वकीलबाईंचा राग मान्य. तरी शब्दाला बिचाऱ्याला एक संधी द्या. नांदणे संस्कृत ‘नन्द्’वरून, आनंदानं असणे. ‘तिथं चाळीस घरं नांदतात’, ‘नांदतं गाव’, ‘सुखशांती नांदो’. इथं कर्ता घर आहे, गाव आहे, शांती आहे. पुरुषही जुन्या मराठीत नांदत असे, राजा नांदे, देव नांदे. लग्नाच्या संदर्भात तो बाईपुरता उरला, आणि आनंद गळून नुसतं राहणं उरलं. पुढं नुसतं सोसणं. नांदा सौख्यभरे असा आशीर्वाद देताना ‘सौख्य’ वेगळं जोडावं लागतं, यावरूनच कळतं की मूळ शब्दात ते राहिलेलं नाही. माझं मत : लेखकानं शब्द टाकू नये, हा घसरा दाखवावा. एकाच पात्राच्या तोंडी दोन्ही अर्थ घातले तर पानभर भाष्य वाचेल.

मूळ लेखिका : मास्तर, हे झकास. वकीलताई, ‘पढवतं’ पटलं. तरी परीक्षणात ‘सहजीवन’ लिहिल्यानं पोरगी परत पाठवणारी आई थांबत नाही, फक्त पुस्तकातून गायब होते. म्हणून मी नांदण्याच्याच बाजूनं. एकल महिला या शब्दाबद्दल कुणी लिहील का? चळवळीतून आला, कोरोनानंतर सरकारी कागदांतही दिसतो.

अंबाजोगाईकर : एकल चांगला, कारण त्यात विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, न लग्न केलेली सगळ्या मावतात आणि नवऱ्याचा उल्लेख लागत नाही. एप्रिल २०२३मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ म्हणजे गं. भा. वापरायचा प्रस्ताव पुढं केला तेव्हा बायकांनीच तो हाणून पाडला होता. सन्मानाच्या नावानं नावाच्या आधी पुन्हा पाटीच. पण गावात ‘एकल’ कुणी बोलत नाही. बैठकीत सही करताना बोलतात, बाहेर आलं की ‘टाकलेली’, ‘सोडलेली’, ‘बसलेली’. तिन्ही धातुसाधितं, आणि पहिल्या दोन्हींत करणारा पुरुष वाक्यातून पसार. ‘तिला टाकली’. कुणी टाकली? विचारून बघा, चहा येईपर्यंत उत्तर येत नाही. त्यातल्या त्यात ‘फारकत’ बरा, निजामाच्या काळापासूनचा. ‘तिनं फारकत घेतली’ असं म्हणता येतं. ‘तिनं टाकला’ असं म्हणा बरं, लोक हसतात.

मूळ लेखिका : मग शेवटचं एक. पुरुष सासरी राहायला गेला तर तो नांदतो का?

तुळजापूरचा वाचक : नाही. आमच्या भागात जावई ‘ठेवून घेतात’. ‘त्यांना मुलगा नाही, जावई घरीच ठेवला.’ सून नांदवतात, जावई ठेवतात. म्हणजे पुरुषही करवून घेण्याच्या रूपात येतो, पण भाड्यानं नाही तर मानानं. अमुक एक घरजावई नीट नांदतोय असं म्हटलं तर ती चेष्टाच धरतात, आणि तो मनाला लावून घेतो. आता हेच क्रियापद बाईला लावा. ‘बाई ठेवली’ म्हटल्यावर अर्थ कुठं जातो ते इथं कुणाला सांगायला नको.