पायथन मिळतं सगळीकडे, पण अडतं हलंतावर

बरेच जण म्हणतात की पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे फुकट मिळते, म्हणजे तिच्यात प्रोग्रॅम एकदा लिहिला की कुठेही चालतो. पहिलं अर्धं मान्य. दुसऱ्या अर्ध्याने माझा एक रविवार खाल्लाय. निफाडच्या मामांसाठी कांद्याच्या पावत्यांची बेरीज करणारा छोटा प्रोग्रॅम नाशिकला माझ्या उबुंटू लिनक्सवर लिहिला, नीट चालला. मामांच्या विंडोजवर जानेवारीची फाइल उघडली तर 'लाल कांदा'च्या जागी नुसती किडेमुंगी अक्षरं. एप्रिलच्या 'उन्हाळ कांदा'ला तर प्रोग्रॅम थेट आडवाच!

फाइलमध्ये अक्षरं आकड्यांच्या (बाइट्सच्या) रूपात असतात आणि कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे एन्कोडिंग ठरवतं. लिनक्सवर फाइल यूटीएफ-8 या एन्कोडिंगने वाचली जाते, विंडोजवर पायथन सिस्टिमचं कोडपेज, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अक्षरतक्ता धरतं, आपल्याकडे बहुतेक 1252 नंबरचा. आपल्या हलंताचा (जोडाक्षर करणाऱ्या पाय मोडायच्या खुणेचा) यूटीएफ-8 मधला शेवटचा बाइट 8डी, आणि 1252 मध्ये त्या जागी अक्षरच नाही. 'लाल कांदा'त जोडाक्षर नाही म्हणून कचरा तरी दिसला, 'उन्हाळ'मधल्या 'न्हा'ने गाडी अडवली. (मामांचं मत: कांदाच वांधा करतो, कॉम्प्युटरला कशाला बोल लावतोस.) उपाय एका ओळीचा, फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-8 असं स्वतः लिहायचं. पीईपी 686 या पायथनच्या बदल-प्रस्तावानुसार पायथनच्या 3.15 आवृत्तीपासून तेच डीफॉल्ट ठरलंय, पण जुनी मशीन कोण अपडेट करतंय? मामांचं तर विंडोज 7 आहे, तिथे 3.8 च्या पुढचं पायथन बसतच नाही.