ओम्नीचं इंजिन बदललं, आता सेल्फ मारताना करंटच नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गाडी केए-22 पासिंगची, जुनी कार्बोरेटरवाली ओम्नी. खानापूरहून बेळगावला भाजी न्यायला हीच एक. इंजिन ऑइल प्यायला लागलं म्हणून तसंच 796 सीसीचं दुसरं बसवून घेतलं. आरसीवर नंबर चढवायचं काम आरटीओत चालू आहे, तो विषय वेगळा.

त्रास असा, की सेल्फ जोरात फिरतो, पण फिरत असताना प्लगला करंट नाही. चावी सोडली की त्या क्षणी एक ठिणगी पडते, कधी इंजिन धरतं, कधी नाही. चावी ऑन असताना कॉइलच्या (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या) प्लसला 12 व्होल्ट मिळतात. सेल्फ मारला की तिथला टेस्ट लॅम्प मंद होत नाही, पार विझतो. म्हणून बॅटरीवर माझा संशय नाही. बॅटरीवरून कॉइलला डायरेक्ट वायर दिली की गाडी लगेच चालू! पण मग चावी काढली तरी बंद होत नाही, तशी कशी चालवायची?

आणखी एक. चार-पाच वेळा सेल्फ मारला की ॲक्सिलेटरची केबल हाताला गरम लागते, म्हणजे अर्थ नसल्याने सेल्फचा करंट तिच्यातूनच परत जात असावा. इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी मला तरी कुठे दिसत नाही. मिस्त्री म्हणतात, "इंजिन बॉडीवरच बसलंय की हो, अर्थ मिळतोय." अहो, पण मध्ये रबराची माउंटिंग आहेत ना!

अर्थ गिअरबॉक्सच्या बोल्टवरून चेसीला घेऊ का? आणि कॉइलसाठी इग्निशन स्विच बदलू, की आधी वायरिंगचं सॉकेट उघडून बघू? ओम्नीवर हात बसलेल्यांनी सांगा.