बांबोळी फक्त आपलीच कशी?

मांडवीतीर: 'भायल्यांनी गोमेकॉ भरून टाकलं, परवडत नसेल तर गावी जा,' ही काल इथली पोस्ट वाचून राहवेना. जानेवारी 2018पासून भायल्यांना, म्हणजे बिगरगोमंतकीयांना, गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी इस्पितळात) शुल्क लागतं. दीनदयाळ या सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाला गोव्यात पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. झुआरीनगरच्या खोलीत राहून आपल्या इमारतींचे स्लॅब ओतणारा परांचीवरून पडला, तर त्याने भाडेकराराचा कागद कुठून आणायचा? 1996 साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय : सरकारी इस्पितळाने तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे कलम 21चा भंग. तिथेही 'खाट नाही' हेच कारण दिलं होतं.

रापणकार: ती पोस्ट माझीच. आईला घेऊन पहाटे निघालो, डॉक्टर भेटले दुपारी. बसायला बाकडं नव्हतं. कर आम्ही भरायचा आणि रांगेतही आम्हीच उभं राहायचं? माझ्या आईला हक्क नाहीत?

मांडवीतीर: आहेत. बाकडं सरकारकडे मागा ना, मजुराच्या अंगावर का जाता?

निवृत्त परिचारिका: रापणकार बाब, आज 'भायलो' म्हणून ज्याला बाहेर काढता, उद्या त्याच दाराबाहेर आपला माणूस असतो. 1989चा डॉमनिक डिसोझा आठवतो? पर्राचा मुलगा. रक्तदान केलं, एचआयव्ही निघाला, पोलीस घेऊन गेले. म्हापशात क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात 64 दिवस कोंडला.

हेडमास्तर: बाई, विषय शुल्काचा आहे. आणि तेव्हा सगळेच घाबरले होते. अशा रुग्णाला वेगळं ठेवण्याचा कायदा होता, पुढे उच्च न्यायालयानेही ती तरतूद वैध ठरवली.

निवृत्त परिचारिका: म्हणून ते बरोबर झालं? स्पर्शाने हा रोग पसरत नाही हे 1989 सालीही ठाऊक होतं, सर. मी वॉर्डात काम केलंय. फाइलवर एचआयव्हीची लाल खूण दिसली की जेवणाचं ताट दारातूनच सरकवायचे. बाळंतिणीला हात लावायला कोणी तयार नसायचं. मी लावला, तर माझ्याबरोबर चहा प्यायला कोणी बसेना. तुम्ही कायदा सांगता! अशा रुग्णाला वेगळं कोंडणं, उपचार नाकारणं यावर बंदी घालणारा कायदा 2017 साली झाला, लागू व्हायला सप्टेंबर 2018 उजाडला. डॉमनिक 1992मध्येच गेला.

हेडमास्तर: कोंडायला नको होतं, हे मान्य. पण प्रत्येक गोष्टीत भावना आणू नका.

निवृत्त परिचारिका: बाळंतीण तडफडताना पाहिली असतीत तर असं बोलला नसतात.

रापणकार: तुम्ही दोघं कुठच्या कुठे गेलात. अपघाताच्या वेळी पैसे मागू नयेत, ठीक. त्यापुढचं फुकट देणार नाही. पाच वर्षं राहिल्याचा पुरावा आणा, कार्ड घ्या.

मांडवीतीर: पुरावा घरमालक देत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात इथेच लिहिलंत, मागच्या चार खोल्या भाड्याने दिल्यात. त्या चौघांना करारपत्र केलंत का?

रापणकार: माझ्या घरात शिरू नका.

मांडवीतीर: करून द्या. नोंदणीचा खर्च मी भरतो.