आयसीसीपुढचे ‘उत्तम’ हे विशेषण काढून टाकावे का?

मूळ मांडणी

मोजमापांच्या विश्वासार्हतेवरील शोधनिबंधांत ‘आयसीसी ०.८०, म्हणजे विश्वासार्हता उत्तम’ अशा धाटणीचे एक वाक्य हमखास सापडते. ते बंद व्हावे, असे माझे मत आहे. वर्गांतर्गत सहसंबंध गुणांक, म्हणजेच आयसीसी, एकूण विचरणापैकी (म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याच्या मापापैकी) किती वाटा व्यक्तीव्यक्तींमधील खऱ्या फरकाचा आहे, एवढेच सांगतो. समजा, उपकरणाच्या चुकीचे प्रमाण विचलन ५ आहे, म्हणजे विचरण त्याचा वर्ग, २५. ज्या गटावर ते वापरले त्यातील व्यक्तींमधले विचरण १०० असेल, तर आयसीसी १०० भागिले १२५, म्हणजे ०.८० येतो, उपकरण तेच, चूकही तेवढीच, पण गटातील माणसे एकमेकांसारखी असून त्यांच्यातले विचरण २५ च असेल, तर तो ०.५० वर घसरतो. यात उपकरणाचा काय दोष? त्यापेक्षा चूक मोजमापाच्या मूळ एककात सांगावी आणि संख्याशास्त्रज्ञ ब्लँड व ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीने दोन मोजमापांतील फरकाच्या मर्यादा, म्हणजे बहुतेक फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान पडतात ते आकडे, द्यावेत.

प्रतिसाद १

असहमत. ज्याला आपण दोष म्हणता, तेच या गुणांकाचे काम आहे. गटातल्या माणसांमधला फरकच ५ च्या आसपास असेल, तर ५ ची चूक करणारे उपकरण त्यांना एकमेकांपासून वेगळे ओळखू शकत नाही, आणि ०.५० हा आकडा नेमके तेच बजावतो.

शिवाय आयसीसी म्हणजे केवळ परीक्षकांचे एकमत नव्हे. व्यक्तींऐवजी अख्ख्या शाळा किंवा गावे यादृच्छिक पद्धतीने निवडली जातात, तिथे एका समूहातील माणसे एकमेकांसारखी असल्यामुळे नमुन्याचे बळ घटते. ही घट १ + (म − १) × आयसीसी या पटीने मोजतात, यात म म्हणजे समूहातील माणसांची संख्या. प्रत्येक समूहात २१ जण आणि आयसीसी अवघा ०.०५ असला, तरी ही पट २ होते, म्हणजे २१०० माणसे १०५० स्वतंत्र माणसांइतकीच माहिती देतात. जो ०.०५ विश्वासार्हतेच्या निबंधात लाजिरवाणा ठरला असता, तो इथे अभ्यासाचा खर्च दुप्पट करतो. तिथे फरकाच्या मर्यादा काय कामाच्या?

प्रतिसाद २

दोघेही ‘आयसीसी’ एकच असल्यासारखे बोलत आहात, आणि माझ्या मते खरा घोळ तिथेच आहे. श्राउट आणि फ्लाइस या संशोधकांनी १९७९ मध्ये त्याचे सहा प्रकार मांडले. त्यांच्या सहा व्यक्ती व चार परीक्षकांच्या उदाहरणात एकाच माहितीवर एकेका परीक्षकासाठी ०.१७, ०.२९ आणि ०.७१ अशी तीन उत्तरे येतात. हातानेही करून पाहता येईल. पहिल्या परीक्षकाचे गुण ४०, ५०, ६०. दुसरा सढळ, त्याचे ५०, ६०, ७०. साधा सहसंबंध पूर्ण १. परीक्षकांमधला कायमचा फरक दुर्लक्षिला तर आयसीसीही १. तो फरक चुकीत धरून निरपेक्ष एकमत मोजले तर ०.६७, आणि कोणते गुण कोणत्या परीक्षकाने दिले हेच ठाऊक नसेल, तर ०.६०. निवड करणाऱ्या परीक्षेत क्रमच हवा असेल तर पहिला आकडा पुरेसा आहे, पण उत्तीर्ण होण्याची रेषा ५५ वर असेल तर मधला विद्यार्थी एका परीक्षकाकडे नापास आणि दुसऱ्याकडे पास होतो. प्रकार न सांगता छापलेला आयसीसी मी तरी वाचून सोडून देतो.

मूळ मांडणीकार

समूहांच्या अभ्यासांबाबतचा आक्षेप मान्य. माझे म्हणणे विश्वासार्हतेपुरते होते. विशेषणाबद्दल मात्र मी हटणार नाही. आयसीसीच्या आकड्यांना विशेषणे लावणाऱ्या पट्ट्याही एकमेकींशी जुळत नाहीत: सिकेटी यांच्या १९९४ च्या पट्टीवर ०.७८ ‘उत्कृष्ट’ ठरतो, आणि कू व ली यांच्या २०१६ च्या पट्टीवर तोच नुसता ‘चांगला’. कू व ली तर निष्कर्ष एका आकड्यावरून नव्हे, ९५ टक्के विश्वास अंतरालावरून, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे त्यावरून, काढा, असे सांगतात. त्यांचा संदर्भ देणारे पुष्कळ जण हे वाक्य सोयीस्करपणे गाळतात.

प्रतिसाद १

विशेषण गेले तर मला दुःख नाही, आकडा जाऊ नये. आपण मागता ती मूळ एककातली चूकही बहुधा त्याच्यावरूनच काढतात: एकूण प्रमाण विचलन गुणिले (१ − आयसीसी) चे वर्गमूळ. आपल्या पहिल्या गटात एकूण विचरण १२५, दुसऱ्यात ५०. दोन्हीकडे उत्तर ५ च येते. तेव्हा आयसीसीशेजारी गटाचे प्रमाण विचलन छापण्याची सक्ती करा.