आमिष टाकून शार्क दाखवावेत का?

खारा_वारा: मालदीवमध्ये आरी ॲटोलमधल्या (प्रवाळबेटांच्या कड्यातल्या) 'फिश हेड' या पाण्याखालच्या खडकावर दोन डाइव्ह मारून आलो. प्रवाह खडकावर आदळतो त्या बाजूला गप्प थांबलं की राखाडी रीफ शार्क आपसूक फेऱ्या घालतात. तरी बोटीवर एकाची कुरकुर, 'एवढे पैसे भरले, जवळ का येत नाहीत?' अशांसाठीच काही ठिकाणी माशांचे तुकडे टाकतात. माझ्या मते हे बंदच व्हावं. फ्लोरिडाने २००१ मध्येच आपल्या हद्दीत बंदीचा निर्णय घेतला.

दर्यावेडा: फिश हेडचाच हिशेब सांगतो. १९९३ च्या अभ्यासात तिथल्या एका जिवंत शार्कमागे वर्षाला सुमारे ३३,५०० डॉलर पर्यटनातून येतात असं निघालं. मारून विकला तर एकदाच ३२! बहामाजमध्ये आमिष टाकूनच शार्क दाखवतात, आणि त्याच देशाने २०११ मध्ये शार्कच्या व्यापारी मासेमारीवर बंदी घातली. लोकांनी जवळून पाहिलं नाही तर वाचवायला कोण पुढे येणार?

खारा_वारा: जवळून पाहायचंय ना? मग हे वाचा. राखाडी रीफ शार्कला कोंडीत पकडलं की तो बाजूचे पर खाली पाडतो, पाठीला बाक देतो, नाक वर करतो आणि आखडल्यासारखा डोलत पोहतो. म्हणजे 'मागे हो'. आमिषावर पंधरा शार्क तुटून पडलेले असताना हा इशारा कोणाला दिसणार? कॅमेऱ्यातून डोकं बाहेर काढेल त्याला!

मालवणकर: दोघेही डायव्हरचंच बोलताय. आमच्याकडे मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, मटण ताटात असतं, त्यामुळे मी जरा बदनाम साक्षीदार. पण २०१० मध्ये मालदीवने शार्क मारणं पूर्ण बंद केलं, तेव्हा ते ३२ डॉलर गेले मच्छीमाराचे. रिसॉर्टच्या ३३,५०० मधले त्याला किती मिळतात? वर गळाला लागलेला मासा शार्क अर्धा तोडून नेतात, ही तिथल्या मच्छीमारांची तक्रार आहेच.

दर्यावेडा: मुद्दा मान्य. पण खारा_वारा, मालदीवमधल्याच फुवामुला बेटाचं काय? तिथे टायगर शार्क बंदराच्या तोंडाशी जमतात ते मासे साफ करून फेकलेली डोकी-आतडी खायला. डायव्हर नंतर आले. तेही बंद करायचं?

खारा_वारा: बंदरातली घाण आणि डायव्हरसाठी मुद्दाम टाकलेलं डोकं यात मी फरक करतो. शार्क करत नाही, हे कबूल. तरी दुसऱ्या प्रकारचे पैसे मी भरणार नाही.

मालवणकर: आणि घाण टाकणाऱ्याला कोणी पैसे देतच नाही.