मदत हवी आहे: भाजीवाल्या मावशींना कर्ज कुठून मिळेल?

नमस्कार मंडळी. आमच्या कोपऱ्यावरच्या मावशी पहाटे सावकाराकडून ९०० रुपये उचलतात आणि संध्याकाळी १००० परत करतात. रोज! बँकेत नेलं तर पगारपत्रक मागितलं. मग जवळच्या पतसंस्थेत पिग्मी, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीचं, खातं उघडलं. एजंट पाटीपाशी येऊन ५० रुपये नेतो, आणि वहीवरचा आकडा मावशी मला दोनदोनदा वाचायला लावतात. पण कर्जाला दोन पगारदार जामीनदार हवेत म्हणे. ते त्यांनी आणायचे कुठून?

म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक डोळ्यांसमोर आहे. सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला, तर त्या बायका शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ साली बँक उभी केली. आमच्याकडे तसं काही नाही.

पिग्मीच्या तारणावर किंवा दहा जणींच्या बचत गटाच्या हमीवर कुणी कर्ज मिळवून दिलंय का? कागद काय लागले, व्याज किती पडलं? शिवाय पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं, तेव्हा पैसे वाढवण्याआधी ऑडिट वर्गाखेरीज (लेखापरीक्षणात संस्थेला मिळालेली अ, ब, क अशी श्रेणी) आणखी काय तपासावं? मावशींचे पैसे आहेत, कृपया अनुभवाचंच सांगा.