मदत हवी आहे: एकाच फोटोला प्रत्येकाला वेगळी मतं दिसतायत (अर्जंट)

कंदीलकर
घरी केलेल्या आकाशकंदिलांची स्पर्धा ठेवली होती. फोटो टाका, जास्त मतं तो जिंकला, इतकं साधं. आता एक ताई म्हणतायत मला ४१ पडलीत, स्क्रीनशॉटपण पाठवलाय. मला त्याच फोटोला १७ दिसतात आणि तिसरा एकजण ९ दाखवतोय. आज रात्री निकाल लावायचाय आणि मी आकडे दाबले अशी कुजबुज सुरू झालीये. खरा आकडा कुठे दिसतो तेवढं सांगा, फिलॉसॉफी नको.

तिरकस_पेठकर
फेसबुकवर का?

कंदीलकर
फेसबुक असतं तर इथे आलो असतो का? फेडिव्हर्सवर.

मुलुंडचा_मन्या
फेडिव्हर्स म्हणजे गावाचं नाव झालं हो, एकमेकांशी जोडलेले पण वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले सर्व्हर. घर सांगा. मॅस्टोडॉन (ट्विटरसारखं), लेमी (रेडिटसारखं), पिक्सेलफेड (इन्स्टासारखं)? मत म्हणजे स्टार, बूस्ट (पोस्ट पुढे पसरवणं) की अपव्होट? सगळे एकाच सर्व्हरवर आहेत का?

कंदीलकर
मॅस्टोडॉन. स्टार म्हणजे मत. सर्व्हर ज्याचा त्याचा, मी फक्त हॅशटॅग दिला होता.

सर्व्हरबाबा
उपाय एकच, स्वतःचा सर्व्हर टाका. छोटा व्हीपीएस घ्या, डॉकर चढवा, पोस्टग्रेस आणि रेडिस आलंच, साइडकिकला मेमरी थोडी जास्त द्या, बॅकअप मात्र दुसरीकडे ठेवा. कमांड हव्या असतील तर देतो.

कंदीलकर
बाबा, सर्व्हर कसा टाकायचा हे कोणी विचारलंय?

मुलुंडचा_मन्या
आता ऐका. मॅस्टोडॉनवर स्टार दिला की त्याची खबर फक्त फोटो टाकणाऱ्याच्या सर्व्हरला जाते, बाकी कोणाला नाही. तुमच्या सर्व्हरला फक्त तुमच्याकडच्या लोकांनी दिलेले स्टार माहीत, ते १७. त्या तिसऱ्याच्या सर्व्हरला त्यांचे ९. उरलेले १५ ताईंच्या सर्व्हरवरचे आणि इकडचे तिकडचे. म्हणजे ताई बरोबर बोलतायत. प्रत्येक फोटो मूळ पानावर उघडा, म्हणजे स्पर्धकाच्या सर्व्हरवर, ब्राउझरमधून. तिथला आकडा धरा.
आणि अजून एक, हॅशटॅगच्या पानावर विसंबू नका. तुमच्या सर्व्हरपर्यंत जी पोस्ट पोचलीच नाही ती तिथे दिसणार नाही. लहान सर्व्हरवरच्या माणसाला तुमच्याकडचं कोणी फॉलो करत नसेल आणि कोणी बूस्टही केलं नसेल तर तो गायबच. त्याची लिंक सर्चमध्ये टाकली तर पोस्ट येते.

तिरकस_पेठकर
म्हणजे मतमोजणी उमेदवाराच्याच घरी! आणि त्याच्या अ‍ॅडमिनने ४१ चे १४१ केले तर? सर्व्हरबाबांचं ऐकून सगळ्यांनी स्वतःचा सर्व्हर टाकला तर बघायलाच नको.

सर्व्हरबाबा
मी असलं काही करत नाही.

नाशिकची_मुग्धा
म्हणून हे लेमीवर घ्यायचं. तिथे मत आधी कम्युनिटीच्या (ज्या गटात पोस्ट टाकली त्याच्या) सर्व्हरला जातं आणि तो ते सगळ्या सबस्क्राइब केलेल्या सर्व्हरांना वाटतो, त्यामुळे आकडे साधारण जुळतात. मॅस्टोडॉनवाल्यांचा स्टारपण तिथे अपव्होट म्हणून मोजला जातो. बूस्ट नाही मोजत, ते आधी सांगून ठेवायचं.

तर्रीपोहे
अन् डाउनव्होटचं काय करता? रात्री बसून लोकं दुसऱ्याचा कंदील खाली ओढतीन ना.

नाशिकची_मुग्धा
डाउनव्होट बंद करता येतात. बीहॉ या लेमी सर्व्हरने नाही का बंद ठेवलेत.

तर्रीपोहे
त्यायनं बंद ठेवले म्हणजे त्यायच्या पानावर एक आकडा, अन् जिथं चालू हाये तिथं दुसरा. झाली ना पुन्हा तेच गंमत? वरून कोणी कोणाले मत दिलं ते लेमीत अ‍ॅडमिनला दिसते. गावात वैर व्हायचं.

मुलुंडचा_मन्या
पायफेडमध्ये (लेमीसारखंच आहे ते) गुप्त मतदान आहे, मत दुसऱ्याच निनावी खात्यातून बाहेर जातं. पण मग तीन खाती काढून तीनदा मत देणारा शोधायचा कसा? उघड ठेवलं तर भांडणं, गुप्त ठेवलं तर बोगस. मी तरी उघडच्या बाजूने.

सॅनहोजेकर
ब्लूस्कायवर या राव. लाइक आपल्याच खात्याच्या रेपोमध्ये (डेटाच्या साठ्यात) नोंदलं जातं आणि अ‍ॅपव्ह्यू (मध्यवर्ती सर्व्हर) सगळ्यांची मिळून मोजणी करतो, सगळ्यांना एकच आकडा दिसतो.

तिरकस_पेठकर
म्हणजे मोजणारा एक बडा माणूस बसवला. मग जुन्या ट्विटरने काय घोडं मारलं होतं? आकडा एकच हवा तर कोणीतरी एकाने मोजायला हवं, आणि तो एक नको असेल तर असले ४१ आणि १७ मुकाट गिळा.

पणजीकार
२०१९ मध्ये वकील संजय हेगडेंचं ट्विटर खातं बंद झाल्यावर आपले किती लोक मॅस्टोडॉनवर आले होते, आठवतं का? बहुतेक सगळे गुपचूप परत गेले. विषय निघाला म्हणून सांगितलं.

नाशिकची_मुग्धा
पोल का नाही घेत? पोलचं मत पोल टाकणाऱ्याच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून बेरीज सगळीकडे परत पाठवली जाते.

कंदीलकर
मूळ पानं उघडून बघितली. ताईंचे ४१ आहेतच, पण एका काकांचा कंदील मला हॅशटॅगमध्ये दिसलाच नव्हता आणि त्यांना ४४ आहेत!! ताईंना काय तोंड दाखवू. बरं पोलमध्ये अकरा जणांना कसं बसवू, चारच पर्याय घेतो तो.

मुलुंडचा_मन्या
मूळ पानावरच्या आकड्यांनी पहिले चार काढा, त्यांचा पोल तुमच्या खात्यावरून टाका, चोवीस तासांचा. निकाल उद्या. पोल बूस्ट करायला सांगा, नुसता स्टार देऊन तो कोणाच्या टाइमलाइनवर जात नाही.

कंदीलकर
टाकला. ताई तयार झाल्या, काका म्हणाले मी ४४ वर जिंकलोय, पोल कशाला. त्यांचं काय करायचं ते बघतो.

शिल्पा_ठाणे
पूर्ण धागा वाचला नाही, पण काकांच्या कंदिलाला कामट्या बांबूच्या आहेत का? आणि पतंगी कागद खळीने चिकटवलाय की फेव्हिकॉलने? आमचा दरवर्षी दमट हवेने सुटतो.